वापशाआधी गाडी घालायची का?

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्याने पाहिली आहे, त्याला बीडलॉक समजावून सांगायला वेळ लागत नाही. लोहार धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायचा, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचा, दोघा-तिघांनी चिमट्यांनी उचलून ती लाकडी पुठ्ठ्यांवर बसवायची आणि वरून पाण्याच्या घागरी ओतायच्या. धाव आकसली की आरे करकरायचे आणि चाक आवळून निघायचं. उन्हाळ्यात लाकूड वाळलं की तीच धाव खुळखुळायला लागायची. मग गाडीवान चाकं ओढ्यात भिजत घालायचा; लाकूड फुगायचं आणि धाव पुन्हा घट्ट व्हायची. चाकावर चढवलेली वस्तू चाकावरच राहावी, एवढाच काय तो प्रश्न होता आणि उपायही ओढ्याइतका जवळ होता.

रबरी टायर आला आणि हे धरून ठेवण्याचं काम हवेकडे गेलं. टायरच्या दोन्ही काठांत पोलादी तारांचं कडं असतं, त्याला बीड म्हणतात. (आमच्या भागात बीड म्हटलं की जिल्हा आठवतो, त्यामुळे ‘बीडलॉक’ हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तिकडे संचारबंदी लागली असं वाटलं तर त्याला हसू नये.) आतल्या हवेच्या दाबाने हे कडं डिस्कच्या ओठाला रेटलं जातं आणि तिथेच राहतं. दुसरं कुलूप नाही. हवा पुरेशी असेपर्यंत कुलूप बंद, हवा उतरवली की ते सैल.

आता हवा मुद्दाम कोण उतरवेल? ज्याची गाडी रुततेय तो. आमच्या नांदेडकडच्या लोहा-कंधारच्या काळीत पावसाळ्यात गाडी घातलेल्या कोणालाही हे पटेल. साधारण पावणेदोन टनांची थारसारखी गाडी घ्या. प्रत्येक चाकावर सव्वाचारशे-साडेचारशे किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर ढोबळ हिशोबाने एक चाक जमिनीला सुमारे २०० चौरस सेंटीमीटर टेकतं. हवा १६ वर आणली की टेकण्याची जागा जवळपास दुप्पट होते. हिशोब अगदी काटेकोर नाही, कारण टायरची भिंतही थोडा भार पेलते. पण दिशा बरोबर आहे. उंटाचा पाय पसरट असतो आणि बैलाचा खूर टोकदार. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दोन्ही शेजारी शेजारी उभे दिसतात, तिथे हे समजायला गणित लागत नाही.

म्हणून वाळूत, दगडांवर, ओल्या रानात गाडी चालवणारे हवा १८, १५, कधी १२ पर्यंत उतरवतात. इथवर बहुतेक चांगल्या डिस्क आणि टायर तग धरतात. त्याखाली, म्हणजे ८-१० पीएसआयवर, अडचण सुरू होते. तिरप्या उतारावर गाडीचा भार बाजूने येतो, किंवा खाचेत अडकलेलं चाक चालक पूर्ण वळवतो, आणि टायरचं कडं ओठावरून सटकून डिस्कच्या मधल्या खोलगट भागात पडतं. ‘फस्स’ असा एक आवाज, आणि गाडी डिस्कवर. चिखलात जॅक टेकत नाही, टेकला तर खाली जातो. ज्याने हा प्रसंग एकदा भोगला आहे तो बीडलॉकच्या गोष्टी करायला लागतो.

टायरचं कडं डिस्कवर पक्कं धरून ठेवणाऱ्या या बीडलॉकचे मुख्य दोन प्रकार. बाहेरच्या प्रकारात डिस्कच्या दर्शनी बाजूला एक वेगळी रिंग असते. टायरचं बाहेरचं कडं डिस्क आणि रिंग यांच्यामध्ये धरून वीस-पंचवीस बोल्टांनी आवळतात. दिसायला रुबाबदार, त्यामुळे नुसत्या नकली बोल्टांच्या डिस्कही बाजारात खपतात. पण हा प्रकार एकच कडा धरतो. आतल्या बाजूची कडा हवेच्याच भरवशावर राहते. शिवाय बोल्ट वारंवार पान्याने तपासावे लागतात.

आतला प्रकार बाहेरून दिसतच नाही. टायरच्या पोटात, डिस्कला लगटून, जाड कापडी आवरणातली एक अरुंद ट्यूब बसवतात आणि तिच्यात ५० पीएसआयच्या आसपास हवा भरतात. ती फुगून दोन्ही कड्यांना एकाच वेळी बाहेर रेटते. टायरच्या मुख्य पोकळीत हवा भरायला दुसरा व्हॉल्व्ह. म्हणजे एका चाकाला दोन व्हॉल्व्ह आणि दोन दाब: आत ५०, बाहेर हवे तेवढे, अगदी ५ सुद्धा.  कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपना दोन तुकड्यांच्या, बोल्टांनी जोडलेल्या डिस्क होत्या आणि टायरच्या आत कडी धरून ठेवणारी रिंग होती, म्हणजे गोळी लागून हवा गेली तरी गाडी रणातून बाहेर यावी. पुढे अमेरिकी हमवीलाही त्याच जातीच्या दोन तुकड्यांच्या डिस्क मिळाल्या. ज्या जीपची जुळणी महिंद्राने मुंबईत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सुरू केली, तिचे हे युद्धातले संस्कार मुलकी गाड्यांत उतरले नाहीत, कारण बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीला गोळीची भीती नसते.

आता लोह्यातून विचार करायचा. नांदेड-लातूरच्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर तासन्‌तास ताशी ऐंशीने धावणारी, पण शनिवारी-रविवारी शेतात, बालाघाटाच्या डोंगरवाटांवर किंवा मन्याडच्या पात्राकडे उतरणारी गाडी. तिच्या डिस्कमध्ये हे आतलं बीडलॉक बसवावं का?

बाजूने बोलायचं तर पहिला मुद्दा दोन्ही कडा धरल्या जाण्याचा, तो बिनतोड आहे. दुसरा मुद्दा बाभळीच्या काट्याचा. टायर काट्याने किंवा फोडलेल्या खडीने पंक्चर झाला, बाहेरची सगळी हवा गेली, तरी आतली ट्यूब डिस्कला लगटून खाली बसलेली असल्याने सहसा शाबूत राहते आणि टायर डिस्कवरून उतरत नाही. पायी चालण्याच्या वेगाने गाडी शेताच्या बांधापर्यंत काढता येते. तिसरा मुद्दा चिखलाचा. कमी हवेवर चालताना कडा आणि डिस्क यांच्या फटीत माती आणि काडीकचरा शिरतो आणि दुसऱ्या दिवशी टायर बसलेला आढळतो. कडा घट्ट रेटलेली असेल तर हा त्रास फार कमी होतो. आणि चौथा मुद्दा दिखाऊपणा नसण्याचा. बाहेरच्या रिंगेसारखं मिरवायला यात काही नाही. ज्याला हे हवंय त्याला ते कामासाठीच हवं असणार, हे मला या प्रकारातलं सगळ्यात आवडतं.

विरोधी बाजू मात्र लांबलचक आहे आणि ती आपल्या मातीपासून सुरू होते.

वाळूत हवा उतरवणं म्हणजे जवळजवळ जादू असते. चिकण काळीत ती जादू अर्धीच चालते. आपल्या रानात गाडी फसते त्यात चिकटीचा हात मोठा असतो. चार फेऱ्यांत टायरच्या खाचा मातीने भरतात, नक्षी नाहीशी होते आणि चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. लाडवात हवा १० असो की ३०, तो घसरतोच. कमी हवेवर टायरची नक्षी थोडी हलते, माती झटकली जाते, हा फायदा खरा आहे. पण तो १५-१८ वरही बराचसा मिळतो आणि तिथे बीडलॉकची गरज पडत नाही. उलट जिथे वर चार बोटं गारा आणि खाली घट्ट मुरूम आहे अशा पाणंदीवर पसरट टायर वरच तरंगत घसरतो आणि जुनी, अरुंद टायरची जीप गारा कापत मुरमाला जाऊन भिडते. नवी थार १८ इंची डिस्कवर २५५ मिलिमीटर रुंद टायर घेऊन येते आणि शेजारून जुनी जीप निघून जाते, तेव्हा तिच्या मालकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

म्हणजे बीडलॉकने मिळणारा खरा लाभ शेवटच्या आठ-दहा पीएसआयचा आहे. त्या लाभासाठी काय काय द्यावं लागतं?

डिस्कला दुसऱ्या व्हॉल्व्हसाठी भोक पाडावं लागतं. लोखंडी डिस्कवर हे काम बऱ्यापैकी सरळ आहे. अलॉयवर जागा चुकली, कडेला धार राहिली, तर तिथूनच तडा जाण्याची भीती. ज्या गाडीत टायरमधली हवा दाखवणारा सेन्सर डिस्कच्या आत बसवलेला असतो, तिथे ट्यूबला आणि सेन्सरला एकाच जागेवर बसायचं असतं, आणि सेन्सर हरतो. चाकाचं वजन काही किलोंनी वाढतं, तेही स्प्रिंगच्या खालचं, जिथे ते जास्त जाणवतं. बॅलन्सिंग नीट झालं नाही तर अहमदपूरच्या रस्त्याला स्टेअरिंग थरथरायला लागतं.

आणि टायरवाला. याचा विचार हौशी मंडळी सगळ्यात कमी करतात. ट्यूबलेस टायर बाहेरून वात घालून दुरुस्त करणारा माणूस रस्त्याकडेला मिळतो. पण टोच्या खोल घातला तर आतली ट्यूब फुटू शकते. टायर उघडायचा तर आधी आतली हवा सोडायला हवी, हे त्याला कोण सांगणार? त्याने दोनपैकी भलत्याच व्हॉल्व्हमध्ये हवा मारली तर? दोन तुकड्यांच्या, बोल्टांनी जोडलेल्या डिस्कचं तर आणखी गंभीर. आत हवा असताना बोल्ट सैल केला की ते लोखंड तोफगोळ्यासारखं सुटतं. जुन्या ट्रकांच्या रिंगवाल्या डिस्कमध्ये हवा भरताना रिंग उडून माणसं मेली, हे नांदेडच्या कुठल्याही वयस्क टायरवाल्याला विचारा. अमेरिकेत याच कारणाने १९८० मध्ये अनेक तुकड्यांच्या रिमवर काम करणाऱ्यांसाठी सरकारने पिंजरा आणि प्रशिक्षणाचा नियम केला. ज्या पोराच्या हातात आपण पाना देतो त्याच्या जिवाचा हिशोब आपल्या हौसेच्या किमतीत धरायला हवा.

कायद्याचं काय, हा प्रश्न हमखास निघतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रावर असलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए बदललं आणि परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. आतल्या बीडलॉकचा पाठीराखा म्हणेल की टायरचं माप तेच, डिस्कचं माप तेच, नोंदणीपत्रावरचा एकही आकडा बदलला नाही. युक्तिवादात दम आहे. पण भोक पाडलेली डिस्क ही कंपनीने चाचणी घेऊन पास केलेली डिस्क उरत नाही, हेही तितकंच खरं. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने चाक उघडून पाहिलं, तर हा वाद तुम्हाला घालायचा आहे, तोही गाडीशिवाय. मी असतो तर विमा कंपनीला आधीच लेखी विचारलं असतं. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तर समजलं असतं.

जाता जाता ट्रॅक्टरबद्दल बोललं पाहिजे, कारण चाकावर टायर फिरण्याचा त्रास लोहा तालुक्यात जीपपेक्षा तिथे अधिक आहे. ३५-४५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला मागे १३.६-२८ मापाचा टायर असतो आणि त्यात ट्यूब असते. खालच्या गिअरमध्ये, ओल्या रानात, नांगर खोल गेलेला असताना डिस्क फिरते आणि टायर क्षणभर मागे राहतो. असं दहा वेळा झालं की व्हॉल्व्ह तिरपा होतो, अकराव्यांदा तो ट्यूबसकट उपटून निघतो आणि पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर रानात उभा राहतो. हा प्रसंग ज्याच्या घरी झाला नाही असा ट्रॅक्टरवाला मला भेटायचा आहे. यावर बीडलॉक कोणी बसवत नाही आणि बसवायची गरजही नाही. ट्रॅक्टरच्या डिस्कची बैठक मुळातच खरखरीत दातेरी केलेली असते, म्हणजे कडा पकडून राहावी. गंज चढून ते दाते गेले असतील तर डिस्क बदलावी. टायरमध्ये तीनचतुर्थांश पाणी भरून वजन वाढवतात, त्याने चाक घसरणंच कमी होतं. आणि टायरपासून डिस्कपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की टायर फिरला. दहा रुपयांचा रंग, ट्यूब वाचते.

ट्रॅक्टरवाल्याकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळा वाद तिथे येऊन थांबतो. पाऊस उघडला म्हणून तो लगेच रानात जात नाही. मूठभर माती उचलतो, दाबतो, बोटांना चिकटते की सुटते ते बघतो. वापसा आला म्हणाला की मगच औत जातं. वापशाआधी रानात घातलेलं प्रत्येक चाक माती दाबून बसवतं, ढेकळं करतं, आणि त्या पट्ट्यात पुढे सोयाबीन खुजं राहतं. बीडलॉक हे थोडक्यात वापशाआधी जाण्याचं यंत्र आहे. ज्याला वाट पाहता येते त्याला त्याची गरज नाही. ज्याला वाट पाहता येत नाही असा माणूस कोण, एवढंच ठरवायचं.

असे दोघे मला दिसतात. एक स्पर्धेतला. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या शर्यतींत वेळेवर गुण असतात आणि मदतीची माणसं, विंच, सुटी चाकं सोबत असतात. त्याने जरूर बसवावं. तो हे सगळं जाणूनच उतरतो. दुसरा मदतीला जाणारा. २०१८ च्या पुरात केरळमध्ये ऑफ-रोड क्लबांच्या जीपगाड्यांनी माणसं बाहेर काढली. २०२५ च्या ऑगस्टात जिल्ह्यातल्याच मुखेड तालुक्यात रातोरात गावांत पाणी शिरलं आणि लष्कराचं पथक बोलवावं लागलं. पाण्यात होडीच लागते, तिथे कसलंही चाक कामाचं नाही. पण पाणी ओसरल्यावर पहिले दोन दिवस औषधं, दूध, आजारी माणसं यांची ने-आण चिखलातूनच होते आणि त्या वेळी वापशाची वाट पाहायला कोणी सांगणार नाही. तहसीलच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे नाव नोंदवून ठेवलेली, लोखंडी डिस्कची, सराव असलेल्या चालकाची गाडी असेल तर तिच्या चाकांत बीडलॉक शोभेल.

यावर कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याने काय करायचं? त्याच्या शेताकडे जाणारी पाणंद चार महिने बंद असते, लेकरू तापाने फणफणलं तरी गाडी घरापर्यंत येत नाही. हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. पण त्याचं उत्तर चाकात नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, ती याच दुखण्यासाठी. मुरमाचा पक्का रस्ता झाला तर बोलेरो काय, स्कूटरही घरापर्यंत जाते, आणि ती एकट्याची जात नाही. चार चाकांत घातलेले पैसे एका गाडीला बाहेर काढतात. तेच पैसे आणि तीच चिकाटी बांधावरच्या दहा जणांची संमती गोळा करण्यात घातली तर अडलेली पाणंद मोकळी होण्याची शक्यता तरी निर्माण होते. ज्यांनी शेजाऱ्याची संमती मागितली आहे ते म्हणतील बीडलॉक सोपं. तेही मान्य.

राहिला बाकीचा सगळा वर्ग: थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी बाळगणारा, महिन्यातून दोनदा रानात जाणारा, बाकी वेळ डांबरावर. त्याच्यासाठी माझा कौल नकाराचा आहे. हवा मोजायचा चांगला गेज, बॅटरीवर चालणारा कंप्रेसर, खोल नक्षीचे टायर, ओढायचा दणकट पट्टा आणि एक फावडं, एवढ्याने त्याचं नव्वद टक्के काम भागतं. १५-१६ वर उतरवा, सावकाश चालवा, चाक पूर्ण वळवून रेस देऊ नका, आणि महामार्गाला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर तापून फुटतो आणि तिथे कुठलंही कुलूप कामी येत नाही. जुन्या जिप्सीत ट्यूब असेल तर १५ च्या खाली जाऊच नका, ट्रॅक्टरसारखा व्हॉल्व्ह उपटेल.

एवढं वाचूनही ज्याने आतलं बीडलॉक बसवायचं ठरवलं आहे त्याने लोखंडी डिस्कच घ्यावी, भोक लेथवाल्याकडून पाडून घ्यावं आणि घरी आल्यावर एक काम न चुकता करावं. प्रत्येक चाकावर दोन्ही व्हॉल्व्हच्या शेजारी पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहावं: ‘आतला ५०’ आणि ‘टायरचा’. रात्री अकरा वाजता सोनखेडच्या अलीकडे पंक्चर काढायला बसलेल्या पोराने हा लेख वाचलेला नसेल.